सुतकातला डोळा

हे मी सांगते आहे आणि वहिनी लिहिते आहे. मला दिसत नाही, आणि आमच्या घरात लिहिता येणारी बाई ती एकटीच. लग्नाआधी ती चौथी पास झाली होती, त्या चौथीचा उपयोग आता माझ्यासाठी होतो आहे.

मागे शहाद्याकडचं एक कुटुंब विचारत विचारत ब्राह्मणपुरीला आमच्या घरी आलं. त्यांच्या सुनेच्या डोळ्यात फूल पडलं आहे. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, मेलेल्या माणसाच्या डोळ्याची काच काढून हिच्या डोळ्यावर बसवू. करावं की करू नये, हे विचारायला ते माझ्याकडे आले होते, म्हणजे जिचा बसवलेला डोळा गेला तिच्याकडे. मी म्हटलं, करा. डोळ्याबरोबर हिचं डोकंही गेलं, असं त्यांना वाटलं असणार. म्हणून पहिल्यापासून सांगते. माझा डोळा बसवल्यामुळे गेला नाही. तो कसा गेला ते कळलं, तर त्या सुनेचा कदाचित राहील.

फूल

डावा डोळा मला आठवतच नाही. लहानपणी देवी आल्या. आईने दाराला कडुलिंब बांधला, देवी असताना औषध द्यायचं नाही म्हणून दिलं नाही, आणि देवी जाताना डोळा घेऊन गेली. पुढचं सगळं उजव्यावर चाललं. त्या एका डोळ्यावर मी रनाळ्याला नांदायला गेले, भाकरी थापल्या, शेतात राबले. एका उन्हाळ्यात कापूस निघाल्यावर शेतातल्या पऱ्हाट्या उपटत होते. एक निघेना म्हणून वाकून जोर लावला आणि शेजारची वाळलेली काडी डोळ्यात गेली.

शेजारणीने अंगावरचं दूध पिळलं, सासूबाईंनी मध घातला, कुणी हळदीचं फडकं बांधलं. सगळ्यांनी मायेनेच केलं. डोळा पिकला, पुढे ठणका थांबला, आणि बुबुळावर पांढरं फूल राहिलं. आधी ताकातून पाहावं तसं दिसायचं, मग तेवढंही नाही. सासूबाई म्हणाल्या, चुलीपाशी आंधळी बाई बरी नाही. माझे मालक मला माहेरी सोडायला आले आणि ओट्यावरूनच म्हणाले, "डोया बरा व्हयना का मी लेवाले येसू." तो बरा कसा होणार, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ते नानाने पाहिलं. नाना म्हणजे माझा मोठा भाऊ, हे लिहिणाऱ्या वहिनीचा नवरा. केळीचा मळा आणि दोन बैल सोडले तर त्याला जगात फारसं काही ठाऊक नव्हतं, पण एकदा मनात घेतलं की तो मागे हटत नसे. तो मला बैलगाडीत घालून नंदुरबारला डॉक्टरकडे घेऊन गेला. मिरचीचे दिवस होते. बाजाराच्या बाजूने गाडी निघाली, तसा खाट, म्हणजे मिरचीचा ठसका, घशात आणि डोळ्यांत शिरला. सगळा रस्ता शिंकत होता, खोकत होता, डोळे पुसत होता. नाना म्हणाला, "दख, आज बठ्ठं नंदुरबार रडी ऱ्हायनं. तू एकलीच नही शे." मी हसले. पुढे हे वाक्य किती वेळा आठवलं, त्याला सुमार नाही.

डॉक्टरांनी डावा डोळा पाहून सोडून दिला. उजव्यावर बराच वेळ बॅटरी मारली. म्हणाले, "हे फूल औषधाने जाणार नाही. मुंबईला मेलेल्या माणसाच्या बुबुळावरची काच काढून बसवतात. तेवढाच उपाय आहे." बाहेर येऊन मी नानाला म्हटलं की मला घरी ने, मी आहे तशी बरी आहे. येताना त्याने पाववडे घेतले आणि माझ्या हातात दिले. त्याच्याकडे दुःखावर दुसरा इलाज नव्हता.

घरी आईने कपाळावर हात मारला. "मरेल मानूसना डोया? तो काय दखाडी तुले?"

"माय, बोरीले कलम करतस तसंच शे," नाना म्हणाला. "झाड आपलंच ऱ्हास."

वाट

सुरतेला गाडी बदलून आम्ही मुंबईला गेलो. इस्पितळाच्या जवळ एक धर्मशाळा होती, तिथे राहिलो. डोळा मिळेपर्यंत थांबायचं होतं. याचा अर्थ मला तिथे गेल्यावर कळला. कुणीतरी मरायला हवं होतं, आणि त्याच्या घरच्यांना ते डोळे देण्याची बुद्धी व्हायला हवी होती. आम्ही रोज सकाळी देवाला हात जोडत होतो, पण नक्की काय मागत होतो ते देवालाही विचारायची सोय नव्हती. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. मी एकच मागत होते, तोही दुसऱ्याच्या घरातला.

त्या दिवसांत मोठ्या डॉक्टरांनी नानाला समोर बसवून सगळं सांगितलं. डोळा ताजा हवा, माणूस गेल्यावर काही तासांच्या आत काढलेला. बसवल्यावर त्यात पू होता कामा नये. धक्का लागता कामा नये. आणि माझ्या फुलात लाल नसा शिरलेल्या होत्या, ती वाईट गोष्ट होती. डॉक्टर म्हणाले, "बुबुळाच्या काचेत रक्त नसतं, म्हणून दुसऱ्याची काच शरीर चालवून घेतं. पण नसा तिथवर पोचल्या की शरीराला कळतं, हे आपलं नाही. मग ते भांडायला उठतं. महिन्यांनी उठेल, वर्षाने उठेल. तेव्हा डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतं. त्याच दिवशी निघायचं. लगेच औषध पडलं तर पुष्कळदा वाचतो. थांबलात तर नाही."

नानाने हे पाठ केलं. लाल, उजेड, अंधुक. धर्मशाळेच्या पायऱ्या चढताना तो ते पुटपुटायचा.

एक दिवस सकाळी निरोप आला, या. मी चालत होते आणि माझ्या मनात एकच होतं, की या घटकेला या शहरात कुणाच्या तरी घरी रडारड चालली आहे. तो बाप्या होता की बाई, तरुण होता की म्हातारा, मला कुणी सांगितलं नाही. अजून ठाऊक नाही.

वाळूच्या पिशव्या

डोळा बसवला ते फार दुखलं नाही. नंतरचं दुखलं. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. कूस बदलायची नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, चावायचंही नाही, पेज आणि दूध तेवढं नळीने ओढायचं. पाठीला मुंग्या यायच्या. पायावर बसलेली माशी हाकलायलाही दुसरं माणूस लागायचं. शेजारच्या खाटेवरच्या आजी सारख्या विचारायच्या, "उजाडलं का गं?" त्यांना कुणी हो म्हटलं की त्या मला सांगायच्या, "उजाडलं हो."

नाना खाटेपाशी बसून मला गावाकडच्या गोष्टी सांगायचा. बैलाचा बाजार, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस विहिरीत पडली. म्हशीच्या गोष्टीला मला हसू आलं, तशी नर्सबाई धावत आल्या. हसायचं नाही, टाके तुटतील. त्यांनी नानालाच बाहेर काढलं. नंतर त्याला आत घेतलं ते तोंड बंद ठेवायच्या बोलीवर. तो मग नुसता माझा अंगठा धरून बसायचा.

त्याच नर्सबाईंना तो एकदा म्हणाला, "बाई, मन्हा डोया बी लिखी ल्या. मरानंतर कोन्हाले तरी द्या." त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही इतक्या लांब राहता. डोळे काही तासांत काढावे लागतात." नाना म्हणाला, "मंग मी मराले मुंबईलेच येसू." त्या हसल्या. मला हसायची बंदी होती.

पट्टी सुटली तेव्हा आधी नुसता पांढरा उजेड होता. मग उजेडात एक तपकिरी ढग. ढग जवळ आला आणि त्याचा कान झाला. मी म्हटलं, "नाना, तुन्हा कानमा केस उनात रे." इतका मोठा बाप्या, खाटेवर डोकं टेकून ढसाढसा रडला. मला रडू नको म्हणाला आणि आपण रडला.

ओट्यावरची तपासणी

डॉक्टरांनी वर्षभर चुलीचा धूर आणि शेताची धूळ टाळायला सांगितलं होतं. म्हणून मी ब्राह्मणपुरीलाच राहिले. मालक एकदा येऊन पाहून गेले. मी त्यांच्या सदऱ्याचा रंग सांगितला. ते खूश झाले आणि म्हणाले, आखाजीला तू माहेरी असशीलच, आखाजी झाली की घेऊन जातो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. मी त्या वर्षी उलटं मोजत होते, आखाजी झाली की मी सासरी जाणार होते. रनाळ्याची माझी चूल, माझी भांडी, परसातली शेवग्याची झाडं. मला ते सगळं हवं होतं. त्या डोळ्यावर माझा संसार टांगलेला होता.

रोज सकाळी नाना मला ओट्यावर उजेडाकडे तोंड करून बसवायचा. बैल विकत घेताना डोळा पाहतात तशी खालची पापणी ओढून पाहायचा. म्हणायचा, "बैल लेताना बी इतलं दखं नही मी." मग तिन्ही प्रश्न. लाल नाही ना, उजेड टोचत नाही ना, अंधुक नाही ना. मग गोठ्याच्या भिंतीपाशी जाऊन हातात काहीतरी धरायचा आणि विचारायचा, "काय शे?" कधी मिरची, कधी कापसाचं बोंड, कधी वहिनीची फणी. एकदा रिकामाच हात धरला. मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "पास व्हयनी." मग डोळ्यात औषधाचा थेंब घालायचा. बाटली त्याच्या पेटीत असायची, किल्ली त्याच्या करगोट्याला. त्या डोळ्याचा धनी तोच होता, मी नुसती सांभाळत होते.

दारावर

फाल्गुन सरत आला होता. केळीला पाणी भरायला गेलेला नाना बांधावर बसला तो आडवाच झाला. छातीत दुखतंय एवढंच म्हणाला. शहाद्याला न्यायला गाडी जुंपली, ती गावाबाहेरही पडली नाही.

त्याला ओट्यावर ठेवला. रोज मी जिथे बसायची तिथेच. मी त्याला नीट पाहिलं. कानातले केस, हनुवटीवरचा वण, सगळं लख्ख दिसलं. हे पाहायलाच मला डोळा आला होता का, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. यापुढे मी काय लिहायला सांगणार होते ते विसरले. वहिनीनेही लेखणी खाली ठेवली होती. आता पुन्हा घेतली आहे.

आमच्याकडे कुणी गेलं की दारावर बसायला येतात. गावोगावच्या सोयऱ्यांच्या बाया येतात. त्या वळणावर आल्या की हेल काढतात, आणि घरातल्या बायांनी पदर तोंडावर ओढून त्यांच्या गळ्यात पडून रडायचं. एक घोळका उठला की दुसरा येतो. प्रत्येक घोळक्याला नव्याने रडायचं. नाही रडलं तर म्हणतात, हिला भावाचं काही नाही. माझ्यावर कुणी बळजबरी केली नाही. तो माझा भाऊ होता, मी रडले. आई एका बाजूला, वहिनी एका बाजूला, मधे मी. पदराखाली अंधार आणि घाम.

डोळा लाल झाला. तिथे सगळ्यांचेच लाल होते. उजेड टोचू लागला. पण पदर वर घ्यायचाच नव्हता, तर उजेडाचं काय. अंधुक दिसू लागलं. मला वाटलं, पाणी आहे. कुणी विचारलं तर आई म्हणायची, "बठ्ठास्ना डोया लाल शेतस." पेटीला कुलूप होतं. किल्ली करगोट्याबरोबर काढून आईने कुठे ठेवली, ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. थेंब आठवण्यासारखी शुद्ध कुणाला नव्हती. आणि सुतकात घर सोडून कोण जातं?

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. बायांचं येणं कमी झालं. एकेकाचे डोळे निवळत गेले. आईचे निवळले, वहिनीचेसुद्धा दिवसा निवळायचे. एका सकाळी वहिनी मला पाणी द्यायला आली आणि तांब्या तसाच धरून उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुन्हा डोया आजून लालच शे."

कोपरा

नवरा गेलेल्या बाईने आमच्यात कित्येक महिने घराचा कोपरा सोडायचा नसतो. रनाळ्याला निरोप धाडू, मालक येतील, ते नेतील, असं आई म्हणाली. वहिनीने विचारलं, "निरोप जाई, तो येई, तोवर?" आई म्हणाली, लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाली, "माले आते आनखी काय म्हनतीन?" आणि तिने कोपरा सोडला. पेटीचं कुलूप दगडाने फोडलं, बाटली घेतली. पांढऱ्या कपाळाची ती आणि आंधळी मी, दोघी नंदुरबारला गाडीत बसलो. सुरतेला पाट्या गुजरातीत, तिची चौथी तिथे संपली. विचारत विचारत तिने मला मुंबईला पोचवलं. गावात वर्षभर तिला नावं ठेवली, हे मी इथे मुद्दाम लिहायला सांगते आहे. ती ते लिहिणार नव्हती.

डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा पाहिला. मग विचारलं, "लाल झाल्यावर लगेच का नाही आलात? मी त्यांना इतकं समजावून सांगितलं होतं. ते कुठे आहेत?"

वहिनी म्हणाली, "त्यास्नंच सुतक व्हतं."

त्यांनी सुया दिल्या, दर तासाला थेंब घातले. काच पांढरी झाली ती झालीच. दुसरी बसवता येईल का, असं वहिनीने विचारलं. ते म्हणाले, आता नसा फार शिरल्या आहेत, मी खोटी आशा देणार नाही. मी विचारलं, "मी रडल्यामुळे गेला का?" ते म्हणाले, "नाही बाई. रडण्याने डोळा जात नाही. तो आतूनच भांडायला उठला होता. तो लालपणा रडण्याचा नव्हता, आणि ते कुणी पाहिलं नाही, एवढंच."

गावात मात्र अजून म्हणतात, भावासाठी रडून रडून हिने डोळा घालवला. त्यात थोडं कौतुकही असतं. मी खोडून काढते, तर त्यांना वाईट वाटतं.

मालक एकदा आले. चहा प्यायले. माझ्याकडे पाहिलं असावं. कापूस यंदा बरा आहे म्हणाले आणि गेले. आखाजी किती झाल्या, मी आता मोजत नाही.

सांगायचं ते

तर शहाद्याच्या लोकांनो, सुनेचं करा. पण तिचा डोळा एकाच माणसाच्या हाती ठेवू नका. घरातल्या सगळ्यांना ते तीन प्रश्न पाठ असू द्या, बाटली सगळ्यांना सापडेल अशी ठेवा. आणि देव न करो, घरात कुणी गेलं, तर त्या गर्दीतही कुणीतरी उठून तिचा पदर बाजूला करा आणि उजेडात तिचा डोळा पाहा. मेलेला माणूस त्याबद्दल रागावत नाही. आमचा तर नक्कीच रागावला नसता.

एक गोष्ट राहिली. नाना गेला तेव्हा त्याचे डोळे वहिनीने आपल्या हाताने मिटले. चांगले, निर्मळ डोळे होते, बैलाची खोड लांबून ओळखणारे. तसल्या डोळ्यासाठी आम्ही परक्या शहरात हात जोडून बसलो होतो, आणि तसले दोन आम्ही तापीकाठी अग्नीला दिले. मुंबई लांब होती, काही होण्यासारखं नव्हतं, हे मला कळतं. पण त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही त्याचं ते डोळे देण्याचं बोलणं आठवलं नाही, मलाही नाही.

वहिनी विचारते आहे, हे लिहू का. मी म्हटलं, लिही.

आता ती रोज सकाळी मला ओट्यावर बसवते. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करते, खालची पापणी ओढते आणि नीट पाहते. तिला कुणी हे सांगितलेलं नाही, मुंबईहून आल्यापासून तिने आपणच सुरू केलं. पाहून झालं की म्हणते, "आज लाल नही शे, बाई." त्या डोळ्यात राखण्यासारखं आता काही उरलेलं नाही, हे तिलाही ठाऊक आहे. मी म्हणते, बरं झालं, आणि मग आम्ही दोघी कामाला लागतो.